टरकाचा दाखला

वडशाच्या बैलबाजारात बैल विकला गेला तरी तो नव्या मालकाबरोबर लगेच जात नसे. आधी त्याला चिंचेखाली नानाजी गहाण्यांच्या टेबलासमोर उभं राहावं लागे. नानाजी त्याच्याकडे एकदा चष्म्यावरून बघत, एकदा चष्म्यातून बघत, आणि दाखला लिहीत. रंग पांढरा, शिंगं मागे वळलेली, डावा कान चिरलेला, दात सहा, कपाळावर भोवरा एक, खोड नाही, विकण्याचं कारण मुलीचं लग्न. एकाचा दाखला दाखवून दुसराच बैल खपवणारे लोक या मुलखात कमी नव्हते. पण नानाजींच्या टेबलावरून असा बैल आजवर पार झाला नव्हता. एकानं तर काळी शेपटी चुन्यानं पांढरी करून आणली होती. नानाजींनी शेपटीला पाणी लावलं आणि मालकाला फौजदाराकडे लावलं. हे ते स्वतःच सांगत. रोज सांगत. त्यांच्या बायकोला, सुगंधाबाईला, तर त्या बैलाचा चेहरासुद्धा ओळखीचा झाला होता.

पण माणसाचा जीव एकीकडे आणि पोट दुसरीकडे असतं. नानाजींचा जीव होता नाटकात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत झाडीपट्टीत एकही गाव नाटकाशिवाय राहत नाही, आणि वडशाच्या नाट्यमंडळाचे नानाजी चिटणीस होते, वर प्रॉम्प्टर होते. विंगेत पाटावर बसायचं, मांडीवर नाटक, बाजूला कंदील, आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच त्याच्याकडे सोडायचं. लोक राजाला टाळ्या देत. नानाजी त्या टाळ्या मनातल्या मनात मोजून घेत, कारण राजाला बायकोचं नाव आठवायलाही त्यांची गरज लागे. प्रॉम्प्टरचा धर्म एकच, असं ते म्हणत. कागदावर नाही ते तोंडात नाही.

आता एका हिवाळ्यात काय झालं, की आरमोरीकडच्या शंकरपटात मंडळाची तारीख लागलेली. शंकरपट म्हणजे दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक. मंडळ निघालं बैलगाड्यांनी. वैनगंगेच्या रेतीत पडद्याच्या गाडीचा आस मोडला. मंडळ पोचलं तेव्हा कोंबडे आरवत होते आणि रंगमंचावर सिंदेवाहीचं मंडळ आपलं नाटक संपवून भरतवाक्य गात होतं! त्या मंडळाच्या म्होरक्यानं, झिंगूजीनं, भाड्याचा टरक, म्हणजे ट्रक, केला होता. वेळेवर पोचला आणि वडशाची तारीख गिळून बसला.

मंडळाचे अध्यक्ष बापूजी निकुरे, धानगिरणीचे मालक, यांनी होळीनंतर बैठक बोलावली.

"यंदा टरक पायजे," बापूजी म्हणाले. "मंडळाचा सोताचा."

टरक कुठून आणायचा हे मात्र नानाजींनाच ठाऊक होतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलेला इंग्रजी पेपर त्यांनी टाकून न देता वाचला होता. विलायतेतल्या कुठल्याशा बंदरावरची ट्रिंबल अँड विक्स नावाची कंपनी लढाईतून परत आलेले टरक दुरुस्त करून जगात कुठेही धाडत होती.

"विलायतेतून?" सोमाजी म्हणाला. सोमाजी हा मंडळाचा पेटीवाला. त्याचं म्हणणं असं, की प्रॉम्प्टिंग आपण नानाजींहून बरं करू, कारण लेखकानं लिहिलेली वाक्यं अजून पुष्कळ सुधारता येतात. "न पायलेली वस्तू काऊन घ्याची? फसवलं तं कोनाच्या घरी जाऊन रडान?"

"कागद पक्के असले तं कोनी फसवत नाई," नानाजी म्हणाले.

"मंग कागदं तुमीच पाहा," बापूजींनी निकाल दिला. "संक्रांतीच्या शंकरपटाच्या आत टरक दारात पायजे. आला तं तुमचा सत्कार करू. नाई आला तं विंगेतला पाट सोमाजीले."

नानाजी हसले. त्यांना वाटलं, सत्काराला कोणता कोट घालावा एवढाच प्रश्न आहे.

आता विलायतेतला टरक घेताना कोणते कागद तपासायचे, हे तुम्हीआम्ही कोणाला तरी विचारलं असतं. नानाजी कशाला विचारतील? ज्या माणसानं हजारो बैल कागदावर उतरवले, त्याला चार चाकांचं काय? त्यांनी बैलबाजाराचा दाखला पुढ्यात घेतला आणि मॅट्रिकच्या इंग्रजीत ट्रिंबल आणि विक्स यांना एकेक रकाना विचारला. वय काय, दात किती. कपाळावर काही खूण आहे काय. जुवानं खांदा सुजून आलेला आहे काय. चालता चालता मध्येच बसण्याची खोड आहे काय. पाण्याला बुजतो काय. आधीचा मालक का विकतो. आणि शेवटी, तुम्ही विकणारे कोण, हे सांगणारा तुमच्या गावच्या पाटलाचा दाखला.

हे पत्र निघण्याआधी शेजारच्या गुणाबाई ओट्यावर आल्या.

"नानाजी, लढाईतला टरक म्हंता. त्याच्यात कोनी मेलं असन तं? मेलेला मानूस गाडी सोडत नाई, मी सांगून राह्यलो तुमाले."

"टरकात भूत नसते, गुणाबाई."

"कागदावर लिवून घ्या ना मंग, का नसते म्हून."

नानाजींना हे पटलं नाही, पण रकाना पटला. त्यांनी तोही प्रश्न घातला. मग पोस्टमास्तर म्हणाले, समुद्रावरून येणाऱ्या वस्तूला मीठ लागतं, तेही विचारजा. मग दारावरून जाणारा एक वकील म्हणाला, टरक वाटेत बुडाला तर तो बुडालेल्या जागी कोणाच्या मालकीचा, हे आधी ठरवा. पत्र इतकं जाड झालं की पोस्टमास्तरांनी ते आधी पार्सलच्या तराजूत टाकलं.

आणि उत्तर आलं! नानाजींच्या आयुष्यात इतकं सभ्य उत्तर त्यांना कोणीच दिलं नव्हतं. सुगंधाबाईनं तर नाहीच नाही.

ट्रिंबल आणि विक्स लिहीत होते, की टरकाच्या यंत्रातली दातेरी चाकं आम्ही मुद्दाम उघडून पाहिली, एक दात झिजलेला निघाला, तो बदलला. समोर दोन दिवे आहेत, दोन्ही सारखे आणि सरळ पुढे बघणारे. कपाळावर एक पोचा होता, तो ठोकून काढला. गाडी मध्येच बसली होती, पण एकदाच, इटलीतल्या एका पुलावर, आणि त्यात दोष शत्रूचा होता. ती नद्यांतून गेली आहे, एकदा समुद्रातही गेली होती, मात्र स्वखुशीनं नाही. आधीचा मालक म्हणजे लष्कर, आणि विकण्याचं कारण लढाई संपली. गाडीत कोणी मेलेलं नाही. गाडीच्या समोर कोणी मेलं असल्यास त्याची नोंद आमच्याकडे नाही. आमच्या गावात पाटील नसतो, पण नगराच्या प्रमुखांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्यावर बशीएवढी लाल मोहोर होती, आणि मजकूर असा, की ट्रिंबल व विक्स हे दोघे सज्जन असून पैकी विक्स दर रविवारी देवळात जातात.

"अन् ट्रिंबल?" सुगंधाबाईनं विचारलं.

नानाजी दचकले. त्यांनी दुसरं पत्र टाकलं. ट्रिंबल देवळात का जात नाहीत?

म्हणजे बघा, टरक राहिला बाजूला. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, पत्रं जात होती, पत्रं येत होती. नानाजी विचारत, छपराचं काय, ट्रिंबल लिहीत, नवं बसवलं. नानाजी विचारत, उतारावर आवरतो काय, ट्रिंबल लिहीत, तुम्ही विचारलंत म्हणून ब्रेक पाहिले, ते बदलावे लागले, आभारी आहोत. (ट्रिंबलना गुडघेदुखी होती, देवळात गुडघे टेकवत नव्हते. नानाजींनी बिब्ब्याचं तेल सुचवलं.) बाजाराच्या दिवशी नानाजी ही पत्रं टेबलावर घेऊन बसत आणि बैल ताटकळत ठेवून लोकांना वाचून दाखवत. सिंदेवाहीचा झिंगूजी एक जोडी घ्यायला आला होता, तो तर दुपारभर बसला.

"वा! वा नानाजीभाऊ! काय प्रश्न काहाडला!" झिंगूजी मांडीवर थाप मारी. "अजून वाचा ना. पत्ता काय म्हनाले तुमी?"

नानाजींनी पत्तासुद्धा वाचून दाखवला. प्रतिस्पर्धी का असेना, दाद देणारा माणूस होता.

शेवटी ट्रिंबल आणि विक्स यांनी लिहिलं, की गाडी तयार आहे, आता तुमच्या सरकारचा आयात परवाना तेवढा पाठवा. आणि तुमच्याचकडून आम्ही शिकलो आहोत, तेव्हा आपलं मंडळ अस्तित्वात असल्याचा एक दाखलाही जोडावा.

"लेकाचे शिकले," नानाजी कौतुकानं म्हणाले, आणि तहसील कचेरीत गेले.

कचेरीतला बाबू पान चघळत होता. परवान्यासाठीही तोच दाखला लागतो, तो आधी आणा, असं त्यानं सांगितलं.

"मंडळ हाये का पन?" बाबूनं विचारलं.

"हाये का म्हंजे? परसाली आमच्या नाटकात तुमी पुढच्या रांगेत बसून रडले ना!"

"मी रडलो तो घरचा मानूस म्हून. सरकार म्हून नाई रडलो. मंडळाची नोंदणी कुठी हाये?"

नोंदणी नव्हती. बाबूनं पत्ता विचारला, तर मंडळाला पत्ताही नव्हता. हिवाळ्यात ते गाड्यांवर असे, आणि उन्हाळ्यात त्याचे पडदे बापूजींच्या गोठ्यात असत.

"गोठा, असं लिवू?"

"नोका लिवू."

"बरं. मंडळाले ओळखनारे दोन प्रतिष्ठित इसम आना. मंडळातले नाई पायजे."

आता वडशात मंडळात नसलेला प्रतिष्ठित इसम आणायचा कुठून? ज्याला थोडी प्रतिष्ठा मिळे तो लगेच नाटकात काम मागे. डॉक्टर दरसाल विष देणारा मामा होत असत. हेडमास्तर राणी होत. नानाजींनी महिनाभर गाव पालथं घातलं तेव्हा एक स्टेशनमास्तर सापडले. ते बंगाली होते, म्हणून सुटले होते. दुसरा इसम म्हणून एका म्हाताऱ्या भजनीबुवांना राजी केलं, तर ते सहीला आले आणि म्हणाले, यंदा मलेबी एक नारदाचं काम द्या. सही आधी झाली, नारद मागून ठरला.

घरी आले की नानाजी टोपी खुंटीवर टांगत नसत, फेकत.

"त्या बाबूले दोन शब्द सुनवाचे होते ना," सुगंधाबाई म्हणे.

"काय सुनवू? त्याची एकबी हरकत चुकीची नाई! त्याच्या जागी मी असतो तं मी बी हेच म्हनलो असतो!"

"मंग तं बरं झालं. आता कळलं असन, बैल काऊन तुमच्याकडं पाहून मुततेत ते."

नानाजी त्या रात्री जेवले, पण भाजीची उलटतपासणी घेतल्यासारखे जेवले.

एवढं करून कागद जिल्ह्याच्या गावी चांद्याला गेला, चांद्याहून तेव्हाच्या राजधानीला, नागपूरला गेला. नागपूरनं विचारलं, नाट्यमंडळाला टरक कशाला? चांद्यानं वडशाला विचारलं, वडशानं नानाजींना विचारलं. नानाजींनी मागच्या शंकरपटाची सगळी हकीकत लिहिली, आस मोडल्यासकट. कागद पुन्हा वर चढला आणि अखेर दाखला आला! दिवाळीच्या तोंडावर आला. मध्यप्रदेश सरकारचा शिक्का, खाली सही, सहीखाली पुन्हा शिक्का. वडशाचं मंडळ जगात आहे, हे सरकारनं कबूल केलं होतं. नानाजींनी तो देवापुढे ठेवला. देवाला दाखवायचा म्हणून नव्हे, तिथे उंदीर येत नव्हते म्हणून.

दिवाळीची सुट्टी संपली आणि नानाजी नवा कोट घालून कचेरीत गेले. बाबूनं दाखला उलटा केला, सुलटा केला, आणि पान दुसऱ्या गालात सारलं.

"हे तं परराज्यातलं कागद झालं."

"कोनतं परराज्य?"

"मध्यप्रदेश. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला ना, नानाजी. पेपर वाचत नाई का? एक तारखेपासून."

नानाजींनी आजूबाजूला पाहिलं. तीच कचेरी, तोच बाबू, भिंतीवर पिचकारीसुद्धा तीच.

"अरे बापा, पन तू तं तोच! टेबल बी तेच!"

"टेबलाचं अजून ठरलं नाई," बाबू शांतपणे म्हणाला. "मी झालो मुंबईचा. तुमचं मंडळ मध्यप्रदेशात होतं, असं हे कागद म्हंते. मुंबईत हाये का, ते मुंबईले इचारा लागन."

छप्पन साली किती राज्यं मोडली आणि किती जोडली हे शहाण्यांना ठाऊक. नानाजींना एवढंच ठाऊक, की ते बसल्या जागी परमुलखात गेले होते, आणि जाताना टरक सोबत न्यायचा राहिला होता. त्यांनी मुंबईला अर्ज केला. ट्रिंबल आणि विक्स यांना लिहिलं, की आमचं राज्य बदललं आहे, जरा थांबा.

त्याचं उत्तर शंकरपटाला थोडे दिवस राहिले असताना आलं. पोस्टमास्तरांनी ते स्वतः बैठकीत आणून दिलं. बापूजी होते, सोमाजी होता, डॉक्टर, हेडमास्तर, सगळे होते. नानाजी उभे राहिले आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचू लागले.

"प्रिय महाशय. आपल्या प्रत्येक प्रश्नामुळे आम्हाला गाडीतला एकेक दोष सापडला आणि आम्ही तो काढला. इतकी निर्दोष गाडी आमच्या दारातून आजवर गेली नाही..."

"वा!" बापूजी म्हणाले.

इथे नानाजी थांबले. प्रॉम्प्टरचा डोळा तोंडाच्या एक ओळ पुढे असतो. पुढची ओळ त्यांना दिसली होती.

आता त्या बैठकीत इंग्रजी धड कोणालाच येत नव्हतं. डॉक्टरांचं औषधांच्या नावांपुरतं होतं, हेडमास्तरांचं राणीपुरतं. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तर बेधडक सांगितलं असतं, की बोट वादळात सापडली, विक्स वारले, पुढच्या साली पाहू. वर डोळे पुसले असते. नानाजींच्या मनात आलं नसेल असं नाही. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण कागदावर नव्हतं ते वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"वाचा ना गा," सोमाजी म्हणाला. "का मी सांगू पुढचं?"

"ही गाडी आपल्याकडेच यावी अशी आमची फार इच्छा होती," नानाजी खाली बघून वाचू लागले. "परंतु आपला परवाना आला नाही. दरम्यान आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदेवाहीचे श्रीयुत झिंगूजी, ज्यांच्या मेव्हण्यापाशी लाकडाच्या धंद्यासाठी परवाना आधीच तयार होता, यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. गाडी त्यांच्याकडे केव्हाच रवाना झाली आहे, आता पोचतच असेल. ट्रिंबल यांचा गुडघा पुष्कळ बरा आहे."

 मग बापूजींनी हात पुढे केला. नानाजींनी पिशवीतून नाटक काढलं आणि दिलं. बापूजींनी ते सोमाजीच्या हातात ठेवलं.

"येक ओळ," बापूजी म्हणाले. "नानाजी, येक ओळ लिवाची होती."

शंकरपटाला नानाजी गेले ते सुगंधाबाईच्या हट्टानं, साधे प्रेक्षक म्हणून, मागच्या रांगेत घोंगडीवर. सोमाजी विंगेत होता. दुसऱ्याच अंकात राजानं राणीला जो शब्द दिला तो नाटकात कुठेच नव्हता, आणि तिसऱ्या अंकात मामानं विष स्वतःच पिऊन टाकलं, कारण सोमाजीला ते जास्त परिणामकारक वाटलं होतं. पुढचे दोन अंक खलनायकाशिवाय झाले. नानाजी घोंगडीत तोंड घालून मूळ वाक्यं पुटपुटत होते. आजूबाजूच्या चार माणसांना तेवढंच खरं नाटक कळलं.

सकाळी उजाडलं तेव्हा पटाच्या दानीजवळ, म्हणजे बैलजोड्या धावतात त्या पट्ट्याजवळ, टरक उभा होता. हिरवा, तुळतुळीत, छपराला एक सुरकुती नाही. झिंगूजीचं मंडळ रात्री पलीकडच्या मंडपात खेळ करून मजेत पडदे भरत होतं. नानाजी जवळ गेले. त्यांना राहवलं नाही. बैलाभोवती फिरतात तसे ते टरकाभोवती फिरले. दिवे दोन, सारखे, सरळ पुढे बघणारे. कपाळावर पोचा काढल्याची खूण. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. टरक बुजला नाही.

"नानाजीभाऊ!" झिंगूजी वरून ओरडला. "वा, काय माल काहाडला तुमी! इत्तक्या दुरून आला, कुठी बसला नाई!"

"बसत नाई तो," नानाजी म्हणाले. "शत्रू असला तरच बसते."

झिंगूजी खाली उतरला आणि त्यानं नानाजींचे हात धरले. "भाऊ, राग नोका ठेवू. आमचा प्रॉम्प्टर आंधळा झाल्यासारखाच हाये, कंदील लावला तं कंदील वाचते. तुमी या आमच्याकडं. पाट तुमचा. अन् टरकात पुढं, डायवरजवळ बसाचं."

पाट!  सुगंधाबाईनं मागून ढोसलं.

"हो म्हना."

नानाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि झिंगूजीकडे आधी वरून बघितलं, मग काचेतून बघितलं.

"तुमचं मंडळ नोंदलेलं हाये का?"

"काय?"

"नोंदनी. दाखला. मुंबई राज्याचा पायजे, मध्यप्रदेशाचा चालत नाई. दोन प्रतिष्ठित इसम हायेत का तुमच्याकडं, नाटकात काम न करनारे?"

झिंगूजीनं असहाय होऊन सुगंधाबाईकडे पाहिलं. पण सुगंधाबाई तिथे नव्हती. ती गाठोड्यासकट पुढच्या सीटवर चढून बसली होती आणि पदर सारखा करत होती.

"तुमी तपासा सावकाश," ती वरून म्हणाली. "मी सिंदेवाहीले पोचलो का पत्र टाकतो तुमाले."

डायवरनं टरक सुरू केला. लढाईतलं यंत्र, पहिल्या फटक्यात लागलं. नानाजी क्षणभर उभे राहिले. मग घोंगडी खांद्यावर टाकून चढले आणि दार लावून घेतलं.

"हे पाय झिंगूजी," ते खिडकीतून बोट काढून म्हणाले, "बसलो म्हंजे रुजू झालो असं नाई. नुसता बसून राह्यलो मी."